लिलीला पाणी कोण घालत होतं?

बेळगाव,
९ ऑक्टोबर १९९५

ती. अक्का,

वाकून नमस्कार, आणि मान वर केल्या केल्या भांडणाला सुरुवात.

हरी म्हणतो, "आई, बंगलोरला एसटीडी लाव की, पत्रं कसली लिहीत बसतीस." पण त्या बूथवरचं यंत्र डोळ्यांसमोर लाल आकडे पळवत असतं, मग मला "बऱ्या आहात ना?" याच्यापुढं काही सुचत नाही. नणंदेशी भांडायला आपला कागदच बरा.

पहिली गोष्ट दिवाळीची. हे जाऊन वर्ष व्हायचंय, तेव्हा यंदा आमच्याकडं ना आकाशकंदील ना फराळ. पण तुम्ही काही माझ्या चकल्यांसाठी येत नव्हता (तुम्ही त्यांना काय म्हणायचा ते माझ्या लक्षात आहे). दरसाल भाऊबीजेला येता आणि संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवूनच जाता, तसंच यंदाही यायचं. मधली खोली झाडून ठेवलीय. मार्गशीर्षात ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. गेल्या साली ते गेले तेव्हा तुम्ही घरात होता म्हणून मी उभी राहू शकले, हे मी कुणाला सांगत नाही, पण तुम्हाला सांगते.

दुसरी गोष्ट तुमच्या लिलीची. इतकी वर्षं झाली तुम्ही ते कांदे मला देऊन, आणि अजून एका कांद्यानं फूल म्हणून दाखवलेलं नाही. पानं मात्र अशी की सून विचारते, "आई, ही कांद्याची पात भाजीला चालते का?" रूपश्री अजून नवीन आहे, तिला काय ठाऊक. तुमच्या गच्चीवर त्याच कांद्यांना चैत्रात एवढाली लाल फुलं येतात, कर्ण्यासारखी, आणि तुम्ही दरसाल पत्रातून मला जळवता. माती म्हणावी तर एका वर्षी तुम्ही बसवनगुडीची माती पिशवीत भरून, मांडीवर घेऊन, रात्रभर बसमधून आणलीत. कंडक्टरला वाटलं अस्थी आहेत, बिचाऱ्यानं हात जोडले. तरी फूल नाही ते नाहीच.

तेव्हा या, आणि येताना ते गुपितही घेऊन या. श्रीधररावांना नमस्कार.

तुमची सुलभा

---

बसवनगुडी, बेंगळूर,
४ नोव्हेंबर १९९५

चि. सुलभा,

आशीर्वाद. भांडण पोचलं.

भाऊबीज झाली आणि मी आले नाही, हे तुला कळलंच असेल. अगं, गुडघा. बसच्या पायऱ्या आताशा एवढ्या उंच करतात की चढायला शिडी लावावी. त्यातून ह्यांनी नवी कवळी बसवली आहे. ती वर बसली की खाली उठते, खाली बसली की वर उठते. डॉक्टर म्हणतो, "स्वल्प अड्जस्ट माडी." ह्या माणसानं आयुष्यात कशाशी थोडंसुद्धा जुळवून घेतलंय का? तर त्यांना टाकून कशी येऊ? वर्षश्राद्धाचं बघते. नक्की सांगत नाही.

आता लिली. तू रडतेस म्हणून सांगते, नाहीतर हे मी आमच्या महिला मंडळातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. नीट वाच.

हवा ही पहिली गोष्ट. आमच्या बेंगळूरची हवा तुला कुठून मिळणार? ते सोडून दे. दुसरं, शेणखत जुनं हवं, आणि भुईमुगाची पेंड भिजवून त्याचं पाणी. तिसरं आणि मुख्य, पाणी. आमची आई म्हणायची, दारातलं झाड तहानलेलं असताना आपण चहा पिऊ नये. मी आजपर्यंत पाळलंय. आधी झाडं, मग चहा. तुझ्याकडे आले की तुझ्या परसातल्या कुंड्यांनासुद्धा मीच पाणी घालते ना? तू उठतेस तोवर माझी बादली रिकामी झालेली असते. तरी तुझी लिली फुलत नाही, म्हणजे दोष बेळगावच्या हवेचा. मी काय करू?

आणि सुलभा, चौथी गोष्ट हात. माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात.

सूनबाईला सांग, ती पात खाऊ नको. पोटात जाईल आणि भलतंच व्हायचं.

अक्का

---

बेळगाव,
१७ जानेवारी १९९६

ती. अक्का,

तिळगूळ पाकिटातून पाठवतेय. पोस्टात चुरा झाला तर चमच्यानं खा, पण गोड बोला.

वर्षश्राद्ध पार पडलं. गुरुजी वेळेवर आले, मंडळी जेवून गेली. पान वाढताना मी सवयीनं तुमचं पान ह्यांच्या फोटोसमोरच्या पाटावर मांडलं, मग उचललं. तुमचं पत्र आलं होतं "ताप आहे" म्हणून. ताप मला खरा वाटला नाही, अक्का. रागावला असाल तर तसं लिहा. हे गेले त्या डिसेंबरात, त्या गडबडीत मी काही वेडंवाकडं बोलले असेन. ह्यांची खुर्ची हरीच्या खोलीत हलवली, त्याचं वाईट वाटलं का? मी रोज एकेक कारण शोधते, आणि एकही पटत नाही.

घरात बोलायला माणूस नाही असं नाही. हरी आहे, रूपश्री आहे, नात आहे. पण हरी बोलतो तो बातम्या संपल्यावर, रूपश्री "हो आई" म्हणते, आणि नात अजून फक्त "भू" म्हणते. भांडायला कोणी नाही हो.

लिलीचं सांगायला लाज वाटते. परसात न्हाणीघराच्या पत्र्याखाली कुंड्या आहेत ना, तिथंच हे सकाळी उन्हाला बसायचे. दिवाळीपासून मी तिकडं फिरकलेच नाही. दार उघडायचं धाडसच झालं नाही. काल गेले तर पानं पिवळी होऊन कुंडीच्या काठावर लोळत होती. माती फुटलेल्या टाचेसारखी. कांदे मेलेच असणार. तुमची ठेव होती, मला सांभाळता आली नाही.

सुलभा

---

बसवनगुडी, बेंगळूर,
११ फेब्रुवारी १९९६

चि. सुलभा,

तुझा तिळगूळ चमच्यानं खाल्ला.

अय्यो देवा, कांदे मारलेस! कोरड्या मातीत! अगं, दुःख माणसाला असतं, झाडाला कशाला त्यात ओढायचं? जाऊ दे. मी नवे पाठवीन.

मी रागावलेली नाही. खुर्ची हलवली ते बरं केलंस. ताप होता. थोडा होता. पण विचारलंस म्हणून एकदा लिहून टाकते, पुन्हा विचारू नकोस. आई-वडील असतात तोवर बाईचं माहेर. ते गेले की भाऊ असतो तोवर. भाऊ गेला की उंबरा परका होतो. मी हे पुष्कळांच्या बाबतीत बघितलंय. वहिनी चांगली असते, भाचा चांगला असतो, चहा वेळेवर मिळतो, आणि आपण पाहुणी होऊन भिंतीकडे बघत बसतो. तुझ्या घरात मला पाहुणी व्हायचं नाही. एवढंच. यात तुझं काही चुकलेलं नाही.

आता चांगलं सांगते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सबंध थंडीभर घरी आहे, तेव्हा माझ्या लिलीची चंगळ चालली आहे. रोज सकाळी गच्चीवर दोन बादल्या. हे जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत बादली आणून देतात आणि "गुडघा" म्हणून तिथंच थांबतात. माझा गुडघा मात्र वर चढतो, गुणी आहे. पेंडीचं पाणीही आठवड्याला देते. पानं गुडघ्याला लागतात आता, हिरवीगार, चकचकीत. बघच यंदा काय फुलं येतात ती!

महिला मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू आमच्याकडे ठेवलंय. गौरीच्या आराशीला बाजारातलं एकही फूल आणायचं नाही, सगळी माझी लिली, असं मी भर मीटिंगमध्ये जाहीर केलंय. सेक्रेटरीण म्हणाली, "सरी, ठीक आहे, पण नाही फुललं तर?" मी म्हटलं, माझ्याकडे नाही फुललं असं कधी झालंय का?

नातीला पापा.

अक्का

---

बेळगाव,
२५ मार्च १९९६

ती. अक्का,

पाडव्याचा फोटो पाठवतेय. नात पहिल्यांदा उभी राहिली, ती गुढीची काठी धरूनच. हरीनं लगेच कॅमेरा काढला. हरीच्या हातून आजवर एकही फोटो सरळ आलेला नाही, पण यात नात निदान अख्खी आली आहे.

उंबऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते मी बऱ्याचदा वाचलं. उत्तर सुचतंय, पण नीट जुळत नाही. जुळलं की लिहीन.

लिलीचं विचारू नका. आमच्याकडं नेहमीसारखंच. तुमच्याकडं आरास झोकात होऊ दे.

घाईत,
सुलभा

---

बसवनगुडी, बेंगळूर,
१२ एप्रिल १९९६

सुलभा,

आशीर्वाद राग गेल्यावर पाठवीन.

फोटो चष्मा लावून बघितला, मग ह्यांचं भिंग लावून बघितला. नात गोड आहे, नाक आजोबाचं, आमच्या गुंडोचं आहे. गुढीला कडुलिंब आहे, गाठी आहे. आणि नातीच्या मागे, दाराच्या डाव्या हाताला, कुंडी आहे. कुंडीत दोन दांडे आहेत. दांड्यांवर लाल फुलं आहेत, मी मोजली नाहीत कारण डोळ्यांत पाणी आलं, पण चांगली झुंबरभर आहेत.

"आमच्याकडं नेहमीसारखंच" म्हणे!

आता माझ्याकडचं ऐक. एक फूल नाही. एक कळी नाही. अख्ख्या गच्चीवर नुसती पानं! हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हे गांधी बझारला गेले आणि तिथून शेवंती, अबोली, मिळेल ते घेऊन आले. सेक्रेटरीण आली, गौरीकडे बघितलं, कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्यायली, आणि जाताना गोड आवाजात म्हणाली, "लिली छान आहे हं, अक्का." बाकीच्या हसल्या. मी पण हसले. काय करते?

पण ते राहू दे. फूल आलं नाही याचं मला एवढं नाही. तू लपवलंस याचं आहे. तुझ्या दारात लिली फुलली तर मला आनंद झाला नसता? माझी दृष्ट लागेल असं वाटलं तुला? इतकी परकी झाले का मी? उंबऱ्याचं मी उगीच नव्हतं लिहिलं.

अक्का

---

बेळगाव,
१९ एप्रिल १९९६

ती. अक्का,

काय ही बाई! दृष्ट म्हणे! त्या हरीचा कॅमेरा मी आडात टाकणार आहे.

लपवलं, कबूल. पण का लपवलं ते ऐका, आणि पूर्ण वाचल्याशिवाय पत्र फाडू नका.

फाल्गुनात मी परसात धुणं वाळत घालायला गेले. कांदे मेले म्हणून कुंड्या तशाच पडल्या होत्या. बघते तर मातीतून जाड टोकं वर आलेली. पानं नाहीत, नुसता दांडा. मला वाटलं भुईछत्रीबित्री आहे. आठ दिवसांत त्याच्या डोक्यावर कळ्या फुटल्या, आणि पाडव्याला तर काय! रूपश्रीनं हौसेनं कुंडी उचलून पुढच्या दारी ठेवली. मी आधी खूप हसले, मग तुम्हाला पत्र लिहायला बसले, आणि पेन हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात हिशेब आला.

तुम्ही दरसाल थंडीत आमच्याकडं होता, तेव्हा आमची लिली कधी फुलली नाही. यंदा तुम्ही आला नाही, आणि फुलली. आता हे मी तुम्हाला कसं लिहू, सांगा! आधीच तुम्ही उंबरा परका म्हणून बसलाय. त्यात मी लिहू, "अक्का, तुम्ही आला नाहीत म्हणून आमच्याकडं फुलं आली"? म्हणून थाप मारली. दुसरं काही सुचलं नाही.

पण कारण तुमचं पाऊल नव्हे हो, तुमची बादली आहे. कांदा तो कांदाच, अक्का. आपण खायचे कांदे टोपलीत कोरडे ठेवतो, तेव्हा ते गुपचूप पडून राहतात आणि दिवस आले की आपले आपण कोंब काढतात. तेच ओल्यात ठेवले तर? या लिलीलाही थंडीत झोप हवी असणार. पानं वाळू द्यायची, माती कोरडी, कुणी हाक मारायची नाही. मग ती चैत्रात ताजीतवानी उठते. तुम्ही पहाटे येऊन तिच्या तोंडावर पाणी मारत होता. ती बिचारी दरसाल अर्धवट झोपेत नुसती पानं काढत राहायची. मी यंदा दुःखात तिला विसरले, आणि तिला पहिल्यांदा पोटभर झोप मिळाली. हवाही तीच आणि मातीही तीच, बघा.

आता एकच कोडं उरतं. तुमच्याकडं मग इतकी वर्षं कशी फुलली? तुम्ही तर इथं असायचा. तुमच्या माघारी गच्चीवर पाणी कोण घालत होतं? श्रीधररावांना विचारा. जरा जपून विचारा, कवळी नवी आहे.

सुलभा

---

बसवनगुडी, बेंगळूर,
६ मे १९९६

चि. सुलभा,

विचारलं.

दरसाल बस धरायच्या आधी मी ह्यांना गच्चीवर नेऊन प्रत्येक कुंडी दाखवायची, किती तांबे घालायचे ते सांगायची. हे मान डोलवायचे. संक्रांतीनंतर मी परत आले की विचारायची, "पाणी घातलंत?" तर म्हणायचे, "म्हणजे काय!" मग चैत्रात फुलं आली की मी गल्लीला सांगायची, माझ्या माघारीसुद्धा ह्यांनी कसं सांभाळलं बघा. ह्यांनी त्यावर एकदा शाल घेतली गं माझ्याकडून!

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं ते वाचून दाखवलं आणि त्यांच्याकडे बघत बसले. आधी कवळी काढली. मग चष्मा काढला. मग म्हणाले, "खरं सांगू का, सुनंदा? तू गेलीस की मी गच्चीवर एकदाही चढत नव्हतो. खाली तुळशीला आणि गुलाबाला पाइपनं घालायचो, ते दिसतं म्हणून. तू यायच्या आदल्या दिवशी वर जायचो. सगळं वाळलेलं असायचं. मग भीतीनं सगळ्यांना भरपूर पाणी, आणि वाळकी पानं काढून मागच्या गटारात." आणि त्या पाण्यावर ती उठून फुलायची! म्हणजे माझ्या हाताचा गुण म्हणून मी जो मिरवला, तो ह्यांच्या आळसाचा गुण! मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हसू आलं, ते आवरेना.

पण सुलभा, हसून झाल्यावर मला दुसरंच दिसलं, आणि ते काही हसण्यासारखं नाही. मी ज्या घरी असते तिथे फूल येत नाही. तुझ्याकडे होते तेव्हा तुझ्याकडे नाही. इथे राहिले तर इथे नाही. तू बादलीवर घातलंस, तो तुझा चांगुलपणा. तुझ्या परसानं सांगितलंय ते मला समजलं. मी न आलेलीच बरी. तुझं सगळं नीट चाललंय, नात उभी राहिलीय, लिली फुललीय. चालू दे.

यांना काही लिहायचंय म्हणतात. देते कागद.

अक्का

चि. सुलभास श्रीधररावाचा आशीर्वाद. तू मला उघडं पाडलंस, त्याबद्दल राग नाही. ही वरती जे लिहिते ते नुसतं लिहिते. दिवाळीपासून रोज संध्याकाळी गेटापाशी उभी राहून बसस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा बघत होती. मी विचारलं की "डास फार झालेत" म्हणायची. स्वल्प तूच काहीतरी कर. माझ्याच्यानं होत नाही.

---

बेळगाव,
१४ मे १९९६

ती. अक्का,

आता उत्तर जुळलं. मार्चपासून जुळवत होते.

तुम्ही म्हणता भाऊ गेला, माहेर संपलं. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं भावाकडं येत होता. मला हे वाचून खरोखर आश्चर्य वाटलं. कारण तुम्ही यायचा तेव्हा भाऊ कुठं असायचा, आठवतंय का? सकाळी पेपर. मग ऑफिस. संध्याकाळी क्लब, रात्री रेडिओ. भाऊबीजेला पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, पाकीट द्यायचे, आणि "अक्का, बरं आहे ना?" असं विचारून उत्तर यायच्या आत उठायचे. देवमाणूस होता, माझ्या नवऱ्याबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही. पण बोलत नव्हता हो!

बोलत होतो आपण दोघी. चहाला आलं किती घालायचं यावर तुम्ही माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलात. शेंगा फोडताना, स्वेटरची लोकर गुंडाळताना, गच्चीत गाद्या वाळवताना, सारखं बोलणं. हरीच्या आधी माझं पहिलं बाळ गेलं होतं त्याचं दुःख मी सासूला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं. तुमचं ते मूल न होण्याचं दुःख तुम्ही भावाला कधी सांगितलं होतं का? मला सांगितलंत, न्हाणीघरापाशी बसून, बंबात लाकडं सारता सारता. ह्यांना तर अखेरपर्यंत ठाऊक नव्हतं.

तेव्हा तुम्ही भावाकडं येत नव्हता, अक्का. तुम्ही माझ्याकडं येत होता. तुम्हाला ते कळलं नसेल, मला माहीत होतं. आणि मी तर अजून आहे.

परसानं काही सांगितलेलं नाही. परसाला तोंड नाही, ते तुमच्या मनाचं आहे. माझं मन मी सांगते. मला फुलं बघायची असली तर बाजारात मिळतात. तुम्ही बाजारात मिळत नाही. या, आणि लिलीच काय, अख्खं परस बुडवा पाण्यात. कायम पात राहिली तरी चालेल. मी चैत्रात बिनफुलांच्या कुंड्यांकडं बघेन आणि म्हणेन, थंडीत अक्का होत्या.

याच्यापुढं मी आग्रह करणार नाही. यायचं तर तुमच्या मनानं या.

सुलभा

---

बसवनगुडी, बेंगळूर,
३ नोव्हेंबर १९९६

चि. सुलभा,

मे महिन्यापासून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसते आणि उठते. पावसाळा गेला, गणपती गेले, तुझं एकही पत्र नाही. आग्रह करणार नाही म्हणालीस तर खरोखरच केला नाहीस. किती हट्टी आहेस!

तू लिहिलंस ते मी एकदाच वाचलं, आणि मग ते पत्र मी उशाशी ठेवून घेतलंय असं हे म्हणतात. म्हणू देत.

माझं ऐक आता. भाऊबीजेला मी येणार नाही. तो दिवस गुंडोचा होता, त्या दिवशी मी इथेच त्याच्या नावानं निरांजन लावीन आणि पोटभर रडून घेईन. दुसऱ्या दिवशी निघते. तुझ्या घरी भाऊबीज नाही, काही नाही, अशी साधी येते. ह्यांना बरोबर आणत नाही. त्यांनी तोंडानं वाईट वाटून दाखवलं, पण आत उड्या मारतायत. गच्चीच्या जिन्याला मी कुलूप लावून किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली आहे, म्हणजे घाबरून मध्येच कधी वर जाऊन पाणी घालायला नकोत.

तुझ्याकडच्या कुंड्यांपाशी मला फिरकू देऊ नकोस. मी भांडीन, आईचं वाक्य ऐकवीन, चहा घेणार नाही म्हणून रुसेन. तरी देऊ नकोस. तुझी लिली फुललेली मला एकदा डोळ्यांनी बघायची आहे, फोटोत नको. म्हणजे संक्रांतीला परत जायचं नाही, चैत्र तिकडेच. चालेल ना? न चालायला काय झालंय!

रात्रीची बस धरते, पंधरा तारखेला सकाळी बेळगावच्या स्टँडवर उतरेन. आजवर दरवेळी मला घ्यायला गुंडो उभा असायचा, मफलर कानाला गुंडाळून, एक शब्द न बोलता पिशवी हातातून घ्यायचा. आता हरीला पाठवशील. त्याला पाठवू नकोस.

घ्यायला तू ये.

अक्का